बोटांवर चाललेली जोडी

थोरल्याला घरात, क्लबात आणि गावोगावच्या कोर्टांवर सगळे थोरलाच म्हणत. त्यात मान वगैरे काही नव्हता, सोय होती. धाकटा कायम शेजारी उभा, तेव्हा दोघांतला नेमका कोण हे सांगायला एवढा एक शब्द पुरे व्हायचा. दोघं एका साच्यातून काढलेले. फरक एवढाच, की धाकटा टोपी घालायचा ती उन्हासाठी आणि थोरला घालायचा ती पातळ होत चाललेल्या केसांसाठी. हे त्याने कधी कबूल केलं नाही. ढग आले तरी टोपी जागची हलायची नाही, यावरून लोकांनी ओळखलं.

दोघं टेनिसमधली डबल्स खेळायचे, आणि तीही पोटापाण्यासाठी. पण टीव्हीवर दिसतं ते टेनिस डोळ्यांसमोर आणू नका. हे खेळायचे त्या स्पर्धा शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरच्या. तिथे चेंडू उचलून द्यायला कुणी नसतं, ज्याने मारला त्यानेच कुंपणापर्यंत जाऊन वाकायचं. प्रेक्षक म्हणजे सकाळी हरलेले खेळाडू, दुपारी खेळणाऱ्यांच्या आया, आणि सावली बघून टेकलेला एखादा पार्सलवाला. त्यातही सिंगल्सला निदान मधलं कोर्ट मिळतं. डबल्सला मिळतं ते पार्किंगला लागून असलेलं, जिथे सर्व्हिस करायला चेंडू वर उडवला की नेमकी कुणाची तरी गाडी मागे घेताना पींपीं करते.

या दोघांचे वडील एका क्लबाच्या मातीच्या कोर्टांची देखभाल करायचे. सकाळी रूळ फिरवायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा ओढायच्या. मेंबरांनी टाकून दिलेली एक रॅकेट घरी आली तेव्हा एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने चेंडू आणायचा असा कारभार होता, आणि कुणी काय करायचं हे थोरला ठरवायचा. पुढे दुसरी रॅकेट मिळाली. तेव्हा दोघं समोरासमोर उभे राहतील असं कुणालाही वाटलं असतं. पण ते एकाच बाजूला उभे राहिले आणि समोर भिंत ठेवली. जोडी जमली ती तिथे.

जोडी चांगली होती. थोरला नेटपाशी मांजरासारखा, धाकट्याची सर्व्हिस तोफेसारखी. खालच्या पायरीवर त्यांना सगळे वचकून असत. वरची पायरी मात्र काही केल्या चढवत नव्हती. आणि गेली दोन वर्षं तर या जोडीची ख्याती खेळासाठी राहिलीच नव्हती. स्पर्धांतून फिरणारी मंडळी पाठीमागे त्यांना ‘बंद रेडिओ’ म्हणत. कारण दोन वर्षं हे दोघं सख्खे भाऊ एका घरात राहत होते, एका बाजूने खेळत होते, परगावी एका खोलीत झोपत होते, आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

अबोल्याचं कारण एक चेंडू. म्हणजे दिसायला चेंडू.

त्याआधी काही महिने असं झालं होतं, की एका डावऱ्या खेळाडूने धाकट्याला गाठून विचारलं, ‘माझ्याबरोबर खेळतोस का? दोघं मिळून वर जाऊ.’ हा डावरा आज टीव्हीवर दिसतो. धाकटा ती गोष्ट थोरल्याच्या कानावर घालायला गेला, तेव्हा थोरला बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “सोड रे. आपण दोघं आहोत ना.” धाकट्याने सोडलं. बोलला काही नाही, पोटात ठेवलं.

मग ती फायनल आली. समोरच्यांचा मॅचपॉइंट होता. उंच लॉब आला, दोघांच्या डोक्यावरून. धाकटा मागे धावला, चेंडूखाली पोचला, रॅकेट उचलली, आणि थोरला ओरडला, “सोड.” धाकट्याने रॅकेट आवरली. चेंडू मागच्या रेषेवर पडला आणि चुन्याची पांढरी धूळ उडाली. चुना उडाला म्हणजे चेंडू आत, वाद घालायचीही सोय नाही. सामना गेला. नेटपाशी हात मिळवताना धाकटा समोरच्यांना, चारचौघांत, हसत हसत म्हणाला, “आमचं काय, हा जन्मभर सोड सोडच म्हणत आलाय.”

थोरल्याला वाटलं, एका चेंडूपायी भावाने लोकांत इज्जत काढली. डावऱ्याची गोष्ट त्याच्या डोक्यातही नव्हती. तो म्हणाला, “एवढं वाटतंय तर जा ना दुसऱ्याबरोबर.”

झालं. त्यानंतर थोरल्याकडून धाकट्याला शब्द नाही आणि धाकट्याकडून थोरल्याला नाही. धाकटा खरं म्हणजे कशाबद्दल बोलत होता हे थोरल्याच्या लक्षात आलं ते दोनेक महिन्यांनी, एकदा दात घासताना. तोंडात फेस तसाच ठेवून तो आरशात बघत राहिला. पण तोवर अबोला घरात चांगला रुळला होता, त्याची जागा ठरून गेली होती, आणि त्याला उठवायचं म्हणजे आधी कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

तुम्ही विचाराल, मग जोडी का नाही मोडली? तीच तर गंमत आहे. जोडी मोडायची तर एकाने दुसऱ्याला तसं सांगावं लागतं. सांगणार कोण? जो आधी बोलला तो हरला. तेव्हा दर आठवड्याला दोघं गुपचूप एका बसमध्ये बसत, पुढच्या गावी उतरत आणि स्पर्धेच्या ऑफिसात शेजारी शेजारी सह्या करत. अबोला टिकवण्यासाठी ज्यांनी एकमेकांची साथ सोडली नाही, असे भाऊ दुसरीकडे शोधून सापडायचे नाहीत.

खेळायला मात्र अडत नव्हतं. डबल्समध्ये नेटपाशी उभा असलेला गडी पाठीमागे हात नेऊन सर्व्हिस करणाऱ्याला खुणा करतो, समोरच्यांना दिसू नये म्हणून. एक बोट म्हणजे चेंडू बाहेरच्या बाजूला टाक, दोन बोटं म्हणजे अंगावर. मूठ म्हणजे मी जागचा हलत नाही, उघडा पंजा म्हणजे मी मध्ये घुसतो. पसंत असेल तर धाकटा चेंडू एकदा जमिनीवर आपटायचा, नसेल तर दोनदा. अबोल्यात ही भाषा वाढत गेली. करंगळी म्हणजे तुझ्या बुटाची नाडी सुटलीय. अंगठा चोळला म्हणजे केळं खा, तुझी साखर उतरलीय. आणि दर पॉइंटनंतर, जिंका नाहीतर हरा, जोडीदाराच्या हाताला हात लावायचा अशी डबल्सची रीत आहे, तीही ते पाळत. नवराबायकोमध्ये ही रीत असती तर निम्मी भांडणं वाचली असती. यांच्यात रीत होती आणि भांडणही होतं. तोंडं दोन दिशांना करून हात लावायचे.

घरात बोटांवर भागत नाही. घरात होती वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको. धाकट्याची वहिनी म्हणून ती सगळ्या क्लबाचीच वहिनी झाली होती. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची, जिथे डॉक्टरांची अक्षरं लावायची आणि गिऱ्हाइकांना कोणती गोळी जेवणाआधी नि कोणती नंतर ते सांगायचं. घरी आली की दुसरं काउंटर. “त्याला सांग, पाणी तापलंय.” “दादाला म्हणावं, चावी खिळ्याला आहे.” तिघं एका टेबलाशी बसलेली, मीठ थोरल्याच्या कोपराशी, धाकटा म्हणणार, “वहिनी, मीठ मिळेल का?” मग वहिनी आपला घास ठेवून नवऱ्याला म्हणणार, “मीठ,” नवरा ते तिच्या हातात देणार आणि ती ते धाकट्याला. हात लांब केला असता तर धाकट्यालाच पोचलं असतं.

या वर्षी थोरल्याचा खांदा गेला. हात डोक्यावर नेला की आतून कुणीतरी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. नेमकं त्याच सुमारास क्लबाने त्याला विचारलं, लहान मुलांना शिकवशील का, कायमची नोकरी आहे, पुढल्या महिन्यापासून. तो हो म्हणाला. राहिली एकच स्पर्धा, आणि तीही घरच्याच क्लबात, वडिलांनी रेषा ओढलेल्या कोर्टांवर. जोपर्यंत जिंकू तोपर्यंत आणखी एक दिवस, आणि हरलो की जोडी संपली.

जोडी संपली तर धाकटा दुसरा जोडीदार बघून गावोगाव निघून जाणार. मग पाठीमागची बोटंही गेली आणि पॉइंटनंतरचा हातही गेला. उरणार काय, तर अबोला. हे थोरल्याला झोपू देत नव्हतं. जाण्याआधी त्याच्याशी बोलायचं होतं. निदान ही शेवटची आहे एवढं तरी त्याला सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो वहिनीकडे गेला.

“तू सांग ना त्याला.”

“काय?”

“हेच. ही शेवटची म्हणून.”

वहिनी अंडी सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, “मीठ सांगितलं, पाणी सांगितलं, चावी सांगितली. दोन वर्षं टपाल वाहिलं. हे नाही नेणार.”

“का?”

“नाही म्हणजे नाही. पोस्ट बंद.”

“मग त्याला कळणार कसं?”

“तोंड दिलंय ना? का ते नुसतं अंडी खायला?” असं म्हणून तिने एक सोललेलं अंडं त्याच्या हातावर ठेवलं आणि विषय मिटवला.

पहिल्या फेरीला थोरल्याने ठरवलं, तोंडाने होत नसेल तर बोटांनी सांगू. आता एक बोट, दोन बोटं, मूठ आणि पंजा एवढ्या भांडवलावर ‘मी खेळणं थांबवतोय’ हे सांगायचं कसं, याचा त्याने आंघोळीच्या वेळी बराच विचार केला. शेवटी त्याला वाटलं, निरोपाचा हात सगळ्या जगात सारखाच हलतो. तेव्हा धाकट्याची सर्व्हिस असताना, सामना हातात असताना, त्याने हात पाठीमागे नेला आणि हलवला. टाटा.

धाकट्याला दिसला उघडा पंजा. पंजा म्हणजे दादा मध्ये घुसणार. त्याने त्या हिशोबाने चेंडू टाकला आणि रिकामी होणारी बाजू सांभाळायला पळाला. थोरला तिथेच उभा, पाठीमागे हात हलवत. दोघं एका अंगाला गोळा झाले आणि समोरच्याने मोकळ्या कोर्टात चेंडू असा सावकाश ठेवला, जसा कुणी टेबलावर कप ठेवावा. धाकट्याने भावाच्या हाताला हात लावला, जरा जोरात, आणि मग चेंडू जमिनीवर दोनदा आपटला. नापसंत.

सामना त्यांनी जिंकला. निरोप पोचला नाही. दुसऱ्या फेरीतही जिंकले, आणि निरोप नेटच्या अलीकडेच राहिला.

सेमीफायनलच्या सकाळी थोरल्याने पंचबाईंना गाठलं. या बाई उंच खुर्चीवर बसून सामने चालवायच्या. त्यांनी या दोघांचे इतके सामने चालवले होते की अबोल्याच्या त्या जवळपास घरच्याच साक्षीदार झाल्या होत्या. भाऊ एकमेकांना सांगण्यासारखं सगळं त्यांना सांगत. “बाई, सर्व्हिसची पाळी माझ्या जोडीदाराची आहे,” असं थोरला मोठ्याने म्हणायचा, आणि धाकटा, जो विसरलेला असायचा, तो पुढे व्हायचा.

“बाई, एक काम होतं. आज मध्येच कधीतरी, सहज म्हणून, त्याला सांगाल का की...”

“मी चेंडू आत की बाहेर एवढंच सांगते,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या. “घरच्या गोष्टी नाहीत. आणि कुणाला सांगू नका, पण माझा नवरा माझ्याशी एक दिवस बोलला नाही तर मी दुसऱ्या दिवशीच उशी फेकून मारते. तुम्ही दोघं फारच सभ्य आहात.”

समोर होते दोन उंच पोरगे, इतके उंच की क्लबातल्या माळ्याने त्यांना विजेचे खांब असं नाव पाडलं होतं. दोघं सारखे हसत, पॉइंट हरले तरी हसत. पहिला सेट खांबांनी घेतला. दुसरा भावांनी घेतला. डबल्समध्ये अशी बरोबरी झाली की तिसरा सेट खेळत नाहीत. सरळ एक लांब टायब्रेक, जो दहा पॉइंट आधी गाठेल, आणि तेही दोनच्या फरकाने, तो जिंकला.

पार्किंगच्या कडेला बरीच गर्दी जमली. बरीच म्हणजे पंधरावीस माणसं, पण त्या कोर्टाला तेवढी म्हणजे जत्रा. दुकानातून सुट्टी काढून वहिनीही आली होती. अंगावरचा पांढरा कोट काढायचा राहून गेला होता, त्यामुळे कुणाला तरी लागलंय असं समजून दोन आया घाबरल्या.

नऊ-आठ. पुढे भाऊ. एक पॉइंट आणि फायनल, म्हणजे आणखी एक दिवस. सर्व्हिस धाकट्याची. थोरल्याने पाठीमागे एक बोट दाखवलं, मग मूठ. धाकट्याने चेंडू एकदा आपटला. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला सणसणत गेली, धाकटा तिच्यापाठोपाठ नेटपाशी आला, आणि खांबाने कसाबसा ताणून चेंडू वर उचलला. उंच. थोरल्याच्या डोक्यावरून.

थोरला मागे सरकू लागला. नजर वर, डावा हात चेंडूकडे, उजवा हात खांद्यामागे. आतली सुरी फिरली. तरी तो मारणारच होता.

“सोड, दादा.”

दोन वर्षांत हा आवाज त्याच्यासाठी निघाला नव्हता. सोड हा शब्द त्याच्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही, दादा पोचला. त्याचा हात आपोआप खाली आला. चेंडू दोघांच्या मागे पडला, अगदी रेषेवर, आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या फायनलसारखाच पांढरा चुना उडाला.

“नऊ-नऊ,” पंचबाई म्हणाल्या.

मग रीतीप्रमाणे थोरला हात लावायला धाकट्याजवळ गेला. धाकटा त्या पांढऱ्या डागाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“आत होता,” थोरला म्हणाला.

“दिसलं मला.”

“दिसलं तर सोड कशाला म्हणालास?”

“तू म्हणालास तेव्हा तुला दिसलं होतं?”

थोरल्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्याला वाटलं खोकला असेल. हसू होतं. ते बघून धाकट्याच्या ओठांचा कोपरा हलला. टायब्रेकमध्ये नऊ-नऊला बाजू बदलायची असते, म्हणून दोघं चालू लागले, पण चालणं कसलं, चार पावलं टाकून नेटच्या कडेला थांबले.

“खांद्यामुळे म्हणालो,” धाकटा म्हणाला. “शर्ट काढताना कण्हतोस. घरातली मधली भिंत केवढी पातळ आहे आपली. मारला असतास तर हात गळून पडला असता.”

“मी पुढल्या महिन्यापासून क्लबात शिकवणार आहे. ही शेवटची.”

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. “हे आत्ता सांगतोयस? नऊ-नऊला?”

“पहिल्या फेरीत सांगितलं होतं. हात हलवून.”

“ते ते होतं?”

“मग काय होतं?”

“मला वाटलं पंजा.”

“पंजा कधी असा हलतो का?”

“पाठीवर माशी बसली असेल म्हटलं. मला काय माहीत तू रिटायर होतोयस.”

“वेळ,” वरून पंचबाई म्हणाल्या. दोन पॉइंटांच्या मध्ये किती थांबायचं याचा नियम आहे, आणि तो केव्हाच उलटून गेला होता.

“एक मिनिट, बाई,” दोघं भाऊ एकदम म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. याआधी या दोघांनी एका सुरात काही म्हटलेलं त्यांना आठवेना.

“ताकीद,” बाई म्हणाल्या. “उशीर केल्याबद्दल, दोघांना. पुन्हा झालं तर पॉइंट जाऊ शकतो.” पण हे म्हणून झाल्यावर त्या जरा जास्तच वेळ पाणी पीत राहिल्या.

सर्व्हिस अजून धाकट्याचीच. थोरला नेटपाशी गेला, वाकला, हात पाठीमागे नेला. बोट नाही, मूठ नाही. त्याने हात हलवला. टाटा. धाकट्याने चेंडू वर उडवला आणि त्याला हसू फुटलं. पहिली सर्व्हिस नेटमध्ये. दुसरी मारताना तर तो आधीच हसत होता, ती थेट पार्किंगमध्ये गेली आणि एका गाडीचा भोंगा वाजायला लागला.

नऊ-दहा. आता खांबांचा मॅचपॉइंट. सर्व्हिस त्यांची, भावांनी परतवायची. खांब तयार, चेंडू हातात. इकडे हे दोघं मागच्या रेषेपाशी, डोक्याला डोकं लावून.

“डावऱ्याचं विचारायला आला होतास तेव्हा,” थोरला म्हणाला, “मी बूट बांधत होतो. मान वर करायला हवी होती.”

धाकटा थोडा वेळ रॅकेटच्या तारा सरळ करत राहिला. “बूट बांधताना तू कधी कुणाचं ऐकलंयस?”

“आता जा तू वर. चांगला जोडीदार बघ.”

“बघेन. पण मला समोर बसून सांगणारं कुणीतरी हवं. बाकावर बसशील? तसंही शिकवायचंच आहे तुला.”

“क्लबाची नोकरी आहे माझी.”

“शनिवार-रविवार पोरं येतात का?”

“शनिवारीच तर येतात. तुला काही माहीत नाही आणि बोलतोस.”

“मग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ये.”

“आणि तू ऐकणार माझं?”

“नाही ऐकणार. पण तू सांग तर.”

“वेळ,” पंचबाई म्हणाल्या. थांबल्या. घड्याळाकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं. नियमापेक्षा बऱ्याच जास्त थांबल्या, हे खांबांनीही मागाहून मान्य केलं. मग खोल श्वास घेतला. “दुसऱ्यांदा उशीर. पॉइंट खांबांना...” त्यांनी जीभ चावली, “सर्व्हिस करणाऱ्या जोडीला. सामना संपला.”

भाऊ अजून बोलतच होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या तेव्हा थोरल्याने वर बघितलं. “काय झालं?”

“हरलात,” पंचबाई म्हणाल्या.

“का?”

“बोललात म्हणून.”

धाकटा म्हणाला, “बघ. तुझ्यामुळे.”

“माझ्यामुळे? सोड कोण म्हणालं?”

“आधी कोण म्हणालं?”

नेटपाशी हात मिळवायला आलेले खांब बिचारे रांगेत उभे राहिले. त्यांचे हात भावांनी मिळवले, पण बघत होते एकमेकांकडे आणि बोलत होते सोड या विषयावर. तसेच ते पिशव्या उचलून, तोच वाद घालत, कुंपणाचं दार उघडून बाहेर पडले, वहिनीच्या समोरून गेले आणि दोघांपैकी एकालाही ती दिसली नाही. वहिनी कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती. शेजारच्या एका आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “हरले म्हणून एवढं नका वाईट वाटून घेऊ.”

“हरले कुठे?” वहिनी म्हणाली.

पंचबाई पुढे कित्येक दिवस क्लबाच्या कँटीनमध्ये सांगायच्या, की इतक्या वर्षांत शिवीगाळीबद्दल पॉइंट काढले, रॅकेट फेकल्याबद्दल काढले, पण भावाभावांनी गप्पा मारल्या म्हणून सामना संपवायची वेळ ही एकदाच आली, आणि तीही बंद रेडिओवर. मग त्या एक चहा आणखी मागवायच्या आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू करायच्या.

थोरला आज क्लबात शिकवतो. टोपी तशीच आहे. धाकट्याला नवा जोडीदार मिळाला आणि दोघं एक पायरी वर चढले. आणखी किती चढतील ते बघायचं. मधल्या वारी, जमेल तेव्हा, थोरला बसने जातो आणि बाकावर बसतो. धाकटा त्याचं काही ऐकत नाही. नव्या जोडीदाराची तक्रार अशी, की हा सर्व्हिस करायच्या आधी माझ्या बोटांकडे बघायचं सोडून बाकाकडे बघतो.

पण ते सगळं मागाहून. त्या दिवशी संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. थोरला धाकट्याला सांगत होता की पहिल्या सेटमध्ये तो नेटच्या किती लांब उभा होता, धाकटा म्हणत होता की डोळे तपासून घे. सांगता सांगता धाकट्याने हात लांब केला, थोरल्याच्या कोपराजवळची मिठाची बाटली स्वतः उचलली, आणि पुन्हा नेटच्या वादाकडे वळला.

वहिनीने त्या दोघांकडे एकदा बघितलं, ताट पुढे ओढलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गरम गरम जेवली.